जामिनकीची सही आणि 'लुसिल'

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची वंदना आटोपून विहाराच्या पायरीवर चपला घालत होतो. तोच आमच्या भीमगीत पथकात गिटार वाजवणारा मुलगा आणि त्याचे वडील समोर आले. जयभीम झाला. वडिलांच्या हातात पतपेढीचा कर्जाचा अर्ज होता. रक्कम चाळीस हजार. कारण, वाद्यखरेदी. जामीनदाराच्या रकान्यात माझे नाव पेन्सिलीने आधीच लिहिलेले. वडील माथाडी कामगार. घरात धाकट्या मुलीची नर्सिंगची फी भरायची आहे, हेही मला ठाऊक होते.

मी मुलाला विचारले, "अरे, जुनीला काय झालं?"

"काका, जुनी ती जुनीच. मोठे वादक असली हलकी गिटार हातात तरी धरतात का? ते कुठली वाजवतात माहीत आहे?"

मला गिटार वाजवता येत नाही. पण एका मोठ्या वादकाची गिटार मला चांगली माहीत आहे. आपल्या आधीच्या पिढीने १९७२ साली दलित पँथर उभी केली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांपुढे ठेवून. तेव्हापासून तिकडच्या काळ्या माणसांची सुखदुःखे आपल्याला परकी वाटत नाहीत. त्याच ओढीने मी बी. बी. किंग या काळ्या गिटारवादकाची हकीकत वाचत आलो. ती त्या मुलाला सांगितली, आणि वाचकहो, तुमच्याही घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल म्हणून इथे लिहितो.

किंगचे पाळण्यातले नाव रायली. जन्म १६ सप्टेंबर १९२५ चा, मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या मळ्यावर. घरची माणसे दुसऱ्याच्या जमिनीत हिश्श्याने कापूस पिकवणारी. मी हिशेबाच्या टेबलावर काम करणारा माणूस, म्हणून या हिश्श्याच्या शेतीकडे मी वहीच्या बाजूने बघतो. बियाणे मालकाचे, खेचर मालकाचे, बहुधा दुकानही मालकाचेच, आणि वही लिहिणारा हातही त्याचा. वर्षाच्या अखेरीला हिशेब झाला की कष्टकऱ्याच्या नावावर बाकी निघायची. आपल्या आज्या-पणज्यांनी सालगड्याचे जिणे आणि सावकाराची वही पाहिली आहे. त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

रायली लहान असतानाच आई गेली. पोरगा शेतावर राबू लागला. त्याची पहिली गिटार पंधरा डॉलरची. पैसे मालकाने आधी दिले आणि मग पगारातून कापून घेतले. म्हणजे तीही उचलीवरच! पुढे तो ट्रॅक्टर चालवू लागला. मळ्यावर ट्रॅक्टरवाल्याला मान होता. शनिवारी संध्याकाळी इंडियानोला गावाच्या कोपऱ्यावर उभा राहून तो गायचा. देवाचे गाणे म्हटले की लोक पाठीवर थाप मारायचे, आणि ब्लूज म्हटले की नाणे टाकायचे. ब्लूज म्हणजे काळ्या कष्टकऱ्यांनी आपल्या दुःखातून घडवलेले गाणे.

१९४६ साली एके दिवशी काम संपवून तो ट्रॅक्टरवरून उतरला, पण गाडी पुढे सरकली आणि तिचे धुराडे मोडले. मालक आता काय करील या धास्तीने तो गिटार घेऊन मेम्फिस शहराला पळाला. ध्यानात घ्या, त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. तिथल्या काळ्यांची आणि इथल्या अस्पृश्यांची स्थिती किती सारखी आहे, हे त्यात मांडले होते. धुराडे मोडले म्हणून घर सोडून पळणारा तो एकवीस वर्षांचाही नसलेला पोरगा त्या सारखेपणाचा जिवंत दाखलाच म्हणायचा.

पण रायली परत आला. ट्रॅक्टरचे पैसे फेडले, आणि १९४८ साली कोणाचे देणे न ठेवता पुन्हा मेम्फिसला गेला. तिथे काळ्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करणाऱ्या रेडिओ केंद्रावर त्याला काम मिळाले. तिथेच 'ब्लूज बॉय' हे नाव पडले. त्याचेच झाले बी. बी.

१९४९ च्या हिवाळ्यात तो आर्कान्सा राज्यातल्या ट्विस्ट नावाच्या खेड्यात वाजवायला गेला. नाचाचा लाकडी हॉल. ऊब मिळावी म्हणून मध्यभागी अर्धवट रॉकेल भरलेले पिंप पेटवून ठेवलेले. दोन पुरुषांची मारामारी जुंपली आणि धक्क्याने पिंप उलटले. जळते रॉकेल जमिनीवर पसरले. सगळे बाहेर धावले, बी. बी. ही धावला. बाहेर आल्यावर आठवले, गिटार आतच राहिली! ती होती जेमतेम तीस डॉलरची. पण ती गेली तर उद्याची भाकरी गेली. तो आगीत परत शिरला आणि गिटार घेऊन कसाबसा बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी कळले की आगीत दोन माणसे मेली. भांडण एका बाईवरून झाले होते. तिचे नाव लुसिल. तेच नाव त्याने आपल्या गिटारीला दिले. कशासाठी? असला मूर्खपणा आपण पुन्हा कधी करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून. ना बाईवरून भांडण, ना वस्तूसाठी आगीत उडी.

आपण पंचशील एकदा घेऊन थांबत नाही, दर वंदनेला पुन्हा म्हणतो. कारण माणूस विसरतो. बी. बी. काही भिक्खू नव्हता. त्याची दोन्ही लग्ने मोडली. १९५६ या एका वर्षात त्याने ३४२ कार्यक्रम केले, मग घर कुठून सांभाळणार? पण दर वेळी गिटार हातात घेताना ती शपथ त्याच्या हातात येत असे, एवढे खरे.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. बी. बी. ची हक्काची गिटार कोणती? लुसिल. पण लुसिल ही एकच गिटार नव्हे. साठ-पासष्ट वर्षांत लुसिल नावाच्या कितीतरी गिटारी झाल्या. लाकूड बदलले, नाव राहिले. पुढे त्याचा हात जिच्यावर बसला ती गिब्सन कंपनीची 'ईएस-३५५' जातीची गिटार. तिच्या पोकळ पेटीला वर दोन लांबट भोके असतात. मोठ्या आवाजात अशी गिटार लाऊडस्पीकरसमोर शिट्टी मारू लागते. आपल्या जयंतीच्या स्टेजवर माईक कसा कुईऽऽ करतो, तसेच. त्यावर उपाय म्हणून बी. बी. त्या भोकांत कापड कोंबायचा. अखेर १९८० साली कंपनीने त्याच्यासाठी भोके नसलेली गिटार बाजारात आणली आणि तिला नाव दिले लुसिल.

यातली गोम अशी की त्याने नवी गिटार नव्याच्या हौसेने घेतली नाही. जुनी नेमकी कुठे अडते, ते त्याला बोट ठेवून सांगता येत होते.

दुसरी गोष्ट त्याच्या वाजवण्याची. त्याचा नातलग बुक्का व्हाइट तारेवर नळी सरकवून सूर काढायचा. बी. बी. ला ते जमेना. मग तार दाबलेल्या बोटासकट मनगट थरथरवून तो तसा कापरा सूर काढायला शिकला. जे जमले नाही त्यातूनच त्याची ओळख तयार झाली. शिवाय गाताना तो वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. आधी स्वतः ओळ म्हणायची, मग गिटारीने उत्तर द्यायचे. आपल्या जलशात शाहिराने ओळ टाकली की झीलकरी ती उचलतात. लुसिल ही त्याची झीलकरी होती. म्हणून हात तिच्याकडेच जायचा.

तिला घेऊन तो तुरुंगांतही गेला. १९७० साली शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात कैद्यांपुढे वाजवले, त्याची तबकडी गाजली. इंडियानोला गावालाही तो विसरला नाही. काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एका शाळेत बसू नये म्हणून गोऱ्यांनी १९५४ साली पहिली 'सिटिझन्स कौन्सिल' काढली, ती याच गावात. त्याच गावात २००८ साली बी. बी. चे संग्रहालय उघडले. ज्या कापसाच्या जिनमध्ये त्याने काम केले, ती विटांची इमारत संग्रहालयात सामावून घेतली आहे. १४ मे २०१५ रोजी तो वारला, आणि त्याला तिथेच पुरले आहे.

हकीकत ऐकून बापलेक गप्प झाले. आपल्या पोरांनी हलक्यावरच समाधान मानावे, असे मी मुळीच म्हणत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला नीटनेटके राहायला आणि उत्तमाची आस धरायला शिकवले. उतारवयात ते स्वतः व्हायोलिन शिकत होते. पण उत्तम वस्तू मागण्याआधी आपली गरज ओळखता आली पाहिजे. मी मुलाला एवढेच म्हणालो, "पुढच्या रविवारी जुनी घेऊन ये."

तो घेऊन आला. ती पिशवीत बांधून कपाटावर चढवलेली असायची. जयंती जवळ आली की उतरायची. तारा गंजलेल्या आणि पट्टीपासून इतक्या उंच की दाबता दाबता बोटे सोलावीत. वस्तीतल्या एका ऑर्केस्ट्रावाल्या बुजुर्गाने नव्या तारा चढवल्या, त्यांची उंची कमी करून दिली. खर्च हजाराच्या आतच. आता ती खोलीत भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. कामावरून आला की मुलाचा हात आपोआप तिच्याकडे जातो, असे त्याची आई सांगते. बहिणीची फी वेळेवर भरली गेली.

मुलाला मी एक शंभर पानी वही दिली आहे. गिटार जिथे जिथे कमी पडेल तिथे तारीख घालून लिहायचे. कोणते गाणे, कोणता सूर, काय झाले. सहा महिन्यांनी वही घेऊन ये म्हणालो. परवा सहज चाळली. पहिल्या दोन पानांवर गिटारीच्या तक्रारी होत्या. तिसऱ्या पानापासून त्याने स्वतःच्या बोटांच्या तक्रारी लिहिल्या आहेत.

अर्ज माझ्या खणात आहे. त्या वहीत गिटारीचे खरे कारण सापडले, की पेन्सिलीने लिहिलेले माझे नाव मी आनंदाने शाईने गिरवीन.

जयभीम!