मुंबईचा हमाल, मेढ्याचे मत

निवडणुकीच्या आदल्या रात्री मुंबईहून जावळीकडे गाड्या निघतात. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा माथाडी, कोपरखैरणे-घणसोलीच्या खोलीत राहणारा ड्रायव्हर, मस्जिद बंदरचा हमाल, सगळे पहाटेपर्यंत मेढ्यात उतरतात. कोणी पुढे केळघरकडे जातो, कोणी कोयनेच्या काठच्या वाडीत. मत टाकतात आणि रात्री परत फिरतात, कारण दुसऱ्या दिवशी कामावर खाडा परवडत नाही. गाडीचे भाडे कोणी भरले आणि जेवणाचे पैसे कोणी दिले, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. बोलत मात्र कोणी नाही.

आता कायदा पाहा. मतदाराला फुकट गाडीने मतदान केंद्रावर नेणे हे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे. तरीही ही गाडी का चालते? कारण गावापासून अडीचशे किलोमीटरवर राबणाऱ्या माणसाला स्वतःच्या बळावर मत देण्याची दुसरी वाट या व्यवस्थेने ठेवलेली नाही. ज्याच्या गाडीतून आलो त्याच्या उपकाराखाली बटण दाबायचे, हा त्या माणसाचा गुन्हा नाही. तो त्याच्यावर लादलेला मिंधेपणा आहे.

टपालाने मत देण्याची सोय देशात नाही असे नाही. सीमेवरच्या जवानाला ती आहे. २०१६ पासून त्याची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने त्याच्याकडे जाते आणि भरलेली मतपत्रिका टपालाने परत येते. सोबत राहणाऱ्या जोडीदारालाही हा हक्क आहे. निवडणुकीच्या कामावरचे शिक्षक, पोलीस आणि कर्मचारी यांना आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्या माणसालासुद्धा आहे. जावळीच्या एकाच घरात दोन भाऊ असतील, एक सैन्यात आणि दुसरा मुंबईला माथाडी, तर पहिल्याचे मत टपालाने येते आणि दुसऱ्याला रात्रभर गाडीत बसावे लागते. देशाची सीमा राखणाऱ्याचा मान आम्हाला आहेच. पण देशाचे धान्य पाठीवर वाहणाऱ्याची गैरहजेरी ही गैरहजेरी नाही काय?

मताचा हक्क आम्हाला कोणी दान म्हणून दिलेला नाही. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे तरुण भीमरावांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. त्या काळी मत होते ते मालमत्ता असणाऱ्याला, कर भरणाऱ्याला. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. अखेर राज्यघटनेच्या कलम ३२६ ने जमीन, शिक्षण, जात, लिंग या सगळ्या अटी पुसल्या. ज्या साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमाचे नाव हजेरीपटावर चढले, त्याच जिल्ह्यातल्या कष्टकऱ्याचे नाव आज मतदार यादीच्या पटावर आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

नाव यादीत असणे हीच पहिली लढाई आहे आणि ती आपण बऱ्याचदा न लढताच हरतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचे गावचे सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही. त्याच कलमात हेही आहे की गावात नुसते घर असले म्हणून तो तिथला रहिवासी ठरत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये स्थलांतरित मजूर सापडतो. गावचा अधिकारी म्हणतो, तू मुंबईचा. मुंबईचा अधिकारी भाडेकरार मागतो, आणि झोपडीत पोटभाड्याने राहणाऱ्याकडे तो नसतो. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. त्यांत मृत आणि दुबार नावे होती, तशी ‘कायमचे स्थलांतरित’ किंवा ‘सापडले नाहीत’ असा शिक्का बसलेलीही लाखो होती. कारणासह ती यादी जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्याचे पोट त्याला गावाबाहेर नेते, त्याचे नाव आधी जाते. हा धडा महाराष्ट्राने वेळीच घेतला पाहिजे.

सरकारला हा प्रश्न माहीत नाही असेही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने स्वतःच मान्य केले की २०१९ च्या लोकसभेला मतदान ६७.४ टक्के झाले, म्हणजे तीस कोटींहून अधिक मतदारांनी मत दिलेच नाही, आणि त्यामागे स्थलांतर हे एक मोठे कारण आहे. त्यावर उपाय म्हणून एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेणारे दूरस्थ मतदान यंत्र पुढे आणले गेले. १६ जानेवारी २०२३ ला राजकीय पक्षांपुढे त्याचे प्रात्यक्षिक ठेवले. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या. स्थलांतरित कोणाला म्हणायचे, दूरच्या केंद्रावर प्रतिनिधी कोण बसवणार, यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? शंका खऱ्या होत्या. पण यंत्र नको तर टपाल द्या, असा आग्रह कोणत्या मोठ्या पक्षाने धरला? काश्मिरी विस्थापितांसाठी दिल्ली, जम्मू, उधमपूर येथे विशेष केंद्रे उघडता येतात. मग वाशीच्या बाजार समितीत जावळी-पाटणच्या माथाडींसाठी एक केंद्र का नाही? सातारा-सांगलीच्या फडात ऊस तोडणाऱ्या बीडच्या मजुरासाठी का नाही? २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, तोडीच्या हंगामाच्या तोंडावर. तारीख ठरवताना कोयता डोळ्यांपुढे नव्हता, हे स्पष्ट आहे.

मागणी करत राहायचीच. पण ती मान्य होईपर्यंत हातात आहे ते तरी आपण वापरतो काय?

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा हक्क आहे. कलम १३५ ब प्रमाणे रोजंदारीवरचा मजूरही त्यात येतो. ती न देणाऱ्या मालकाला दंड मात्र जास्तीत जास्त पाचशे रुपये! एवढ्या दंडाला मालक घाबरत नाही. तो संघटनेला घाबरतो. म्हणून सुट्टी संघटनेने मागावी, एकट्याने नव्हे.

पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्ध आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले मतदार यांना लोकसभा-विधानसभेला घरी बसून मत देता येते. त्यासाठी नमुना १२ ड भरून निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. मग अधिकाऱ्यांचे पथक मतपत्रिका घेऊन घरी येते. हा अर्ज केला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे लक्षात ठेवावे. डोंगरातल्या वस्तीवरची आपली आजी झोळीत बसून केंद्रावर नेली जाते, कारण हे पाच दिवस कोणी तिला सांगितलेले नसतात. प्रत्येक बुद्धविहारात अशा वृद्धांची वही हवी.

निवडणूक ड्युटीवरच्या आपल्या शिक्षक-पोलीस बांधवांनीही जपावे. मतपत्रिकेबरोबर जोडायच्या प्रतिज्ञापत्रावर सही राहिली की मत बाद. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत बाबासाहेब सुमारे चौदा हजार मतांनी पडले आणि हजारो मते वाया गेल्याची तक्रार त्यांना निवडणूक याचिकेत करावी लागली. वाया गेलेल्या मताची किंमत चळवळीने एकदा मोजली आहे.

आणि एक कडू गोष्ट. गावाला एक नाव आणि मुंबईला एक, असे दुहेरी ठेवणारे आपल्यातही आहेत. ते बेकायदेशीर आहे आणि खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कैद आहे. त्याहून वाईट म्हणजे अशा एका नावाच्या आडून दहा खरी नावे कापली जातात. जिथे खरे राहता, मुले जिथे शिकतात, तिथे एकच नाव ठेवा. मुंबईत स्थायिक झाला असाल तर नमुना ८ भरून नाव तिकडे न्या. तिथल्या वस्तीला नळ आणि शाळा देणारा नगरसेवक तुमच्या मताने निवडला जाऊ द्या. गावीच राहत असाल तर मेढ्याच्या तहसीलमध्ये जाऊन यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नव्या मुलांसाठी नमुना ६ आहे आणि २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चारही महिन्यांची पहिली तारीख वयासाठी धरली जाते. नाव कापण्याआधी म्हणणे मांडण्याची संधी देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ती संधी मागून घ्या.

एक माणूस, एक मत, एक मूल्य, हे सूत्र बाबासाहेबांनी घटना समितीत मांडले तेव्हा राजकारणातली समता समाजात उतरली नाही तर काय होईल याचा इशाराही दिला. जो कष्टकरी स्वतःच्या मतापर्यंत दुसऱ्याच्या गाडीतून जातो, त्याला राजकारणातलीही समता पुरती मिळालेली नाही. पुढच्या निवडणुकीला जावळीचा माणूस स्वतःच्या तिकिटाने यावा किंवा त्याचे मत टपालाने यावे. उमेदवाराच्या गाडीने मात्र येऊ नये.