उतारावर गाडी न्यूट्रलला टाकू नका

चालक मंडळींनो, आणि डिझेलचा हिशेब मागणाऱ्या मालकांनो, तुम्हालाही एक कळकळीची विनंती. उतार संपेपर्यंत गाडी गिअरमधून काढू नका.

पुण्यात कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो. घाटासारखी वळणं नाहीत, त्यामुळे उतार जाणवतही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एका ट्रकपायी अनेक गाड्यांचं नुकसान झालं.

शंभर मीटरला चार मीटर उतार धरा. ताशी ४० किलोमीटरवर न्यूट्रल केलेला भरलेला ट्रक, टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा विरोध वजा जाता, किलोमीटरभरात नव्वदीला टेकतो. तेही अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता! गाडी रिकामी असो की भरलेली, उतारावर वेग जवळपास सारखाच वाढतो. घरंगळणाऱ्या गोळ्यांवर प्रयोग करून गॅलिलिओने उतारावर वेग कसा वाढतो हे १६३८ च्या ग्रंथात मांडलं आहे.

वजन नडतं ते आवरताना. तीस टनांचा ट्रक तेवढ्या किलोमीटरात चाळीस मीटर खाली येतो. नुसत्या ब्रेकवर वेग ४० लाच धरायचा, तर ब्रेकमध्ये इतकी उष्णता जिरवावी लागते की तेवढ्यात तीसेक लिटर पाण्याला उकळी फुटेल. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. मग पंचनाम्यात ‘ब्रेक फेल’ असं लिहिलं जातं. गाडी गिअरमध्ये असली तर यातलं बरंचसं ओझं इंजिन उचलतं.

राहिला डिझेलचा प्रश्न. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. इंजिनच बंद केलंत तर स्टिअरिंग जड होतं, हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो आणि पेडल दाबाल तशी टाकीतली हवा सरत जाते. ही बचत नव्हे, निव्वळ वेडेपणा आहे.

गिअर उतरायला लागण्याआधीच, माथ्यावर कमी करा. वेग चढल्यावर खालचा गिअर पडत नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, चाकांना ठोकळे लावा, ड्रम आपोआप निवू द्या. वर पाणी ओतू नका, तडा जातो.