आग्वादची रपेट कोणत्या बाजूने?

थंडी सुरू झाली की या सदराच्या वाचकांकडून एक विचारणा हमखास येते: पणजीत मुक्काम आहे, सायकली बरोबर आहेत, एका सकाळची रपेट सुचवा. माझं उत्तर ठरलेलं आहे. मांडवी ओलांडून बार्देशात शिरा आणि आग्वादचं जुनं दीपगृह पाहून परत या. अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास आणि मोठे चढ दोनच, एक पर्वरीचा, दुसरा आग्वादच्या टेकडीचा. ज्याचे पाय सायकलीला सरावले आहेत, त्याला सहज झेपेल. मात्र ही रपेट कोणत्या बाजूने करायची, याबाबत माझा आग्रह आहे.

बहुतेक जण बेतीला उतरले की नदीकाठाने वेरे, रेइश मागुश, नेरूल करत थेट आग्वाद गाठतात. रस्ता सपाट आणि शेजारी मांडवी, त्यामुळे मोह होणारच. पण मग भल्या सकाळी ते किल्ल्याच्या बंद दरवाजासमोर येऊन उभे राहतात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ही वास्तू उजाडताच उघडत नाही. थांबावं तर ऊन चढतं, निघावं तर ज्यासाठी आलो ते दीपगृह तटाबाहेरूनच पाहावं लागतं. पुढे कांदोळी-कळंगुटचा रस्ता लागतो तो भाड्याच्या स्कूटर आणि टॅक्सी बाहेर पडायच्या वेळेला, आणि पर्वरीचं पठार भर उन्हात. म्हणून माझं सांगणं असं की आधी पर्वरी चढा आणि आग्वाद उत्तरार्धात ठेवा.

पणजीहून बेतीला फेरीबोटीनेच जा. अटल सेतूवर दुचाकींना बंदीच आहे आणि मांडवीच्या जुन्या पुलांवर महामार्गाची वाहतूक असते. सायकल धरून बोटीत उभं राहिलं की काही मिनिटांत पलीकडचा धक्का येतो. बेतीहून लगेच चढ लागतो. हलका गिअर टाकून शांतपणे चढायचं, पाय ताजे असताना आणि हवा गार असताना. वर महामार्गाचा थोडा तुकडा सावधपणे पार केला की डावीकडे चोगम रोड फुटतो. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची परिषद दिल्लीत भरली आणि त्यातल्या विसाव्यासाठी ते गोव्यात आले, तेव्हापासूनचं हे नाव. सांगोल्डा मागे टाकून साळगावात आलात की १८७३ चं पांढरंशुभ्र माय द देउश चर्च दिसेल. तिथे उतराच. या वेळेला गावात सायकलवर तुमच्याखेरीज पोदेर असतो, मागे पावांची टोपली बांधून हॉर्न वाजवत घरोघर जाणारा. रस्त्यावर पहिला हक्क त्याचा, तो थांबला की आपणही थांबावं.

कळंगुटला डावीकडे वळलं की कांदोळीमार्गे सिकेरीपर्यंत सरळ दक्षिणेला जायचं. या रस्त्यावरून समुद्र दिसत नाही, मध्ये हॉटेलं आणि दुकानं आहेत. सकाळी लवकर तो मोकळा असतो, एवढंच त्याचं सुख. भाजी-पाव आणि चहा इथेच उरकून घ्या, पाण्याच्या बाटल्या भरा आणि किल्ला उघडायच्या सुमारास टेकडी चढायला लागा.

आग्वाद पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये पूर्ण केला, मांडवीच्या मुखावर डच आणि मराठ्यांवर नजर ठेवण्यासाठी. येणारी-जाणारी गलबतं इथे गोडं पाणी भरत. वरच्या किल्ल्यातल्या टाक्यात सुमारे २४ लाख गॅलन पाणी मावत असे. त्याच आवारात १८६४ चं चार मजली, गोल, पांढरं दीपगृह उभं आहे. उंची जेमतेम १३ मीटर, पण पायाखाली टेकडी असल्याने त्याहून जास्त लागत नव्हती. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या भग्न मठातून आणलेली प्रचंड घंटा काही वर्षं इथे होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये गेली. दीपगृहाचं काम १९७६ मध्ये थांबलं आणि शेजारी नवं उभं राहिलं. इथे घाई करू नका. तटावरून मांडवीचं मुख आणि पलीकडचं काबो एका नजरेत येतं, आणि पोर्तुगिजांनी नेमकी हीच जागा का धरली ते नकाशाशिवाय कळतं.

आता वाऱ्याचं गणित. हिवाळ्यात रात्रभर आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. ऊन वाढलं, जमीन तापली की तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. आग्वादहून निघायची वेळ नेमकी तीच. परतीची वाट नेरूल, रेइश मागुश, वेरे, बेती अशी पूर्वेला जाते, म्हणजे वारा पाठीवर. दमलेल्या पायांना याहून मोठी मदत नाही. वाटेत रेइश मागुशचा किल्ला आहे. १५५१ मधली ही वास्तू दुरुस्त होऊन २०१२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मारियो मिरांडांची चित्रंही तिथे आहेत. शिवाय या दिशेने सगळी मोठी वळणं डावीकडची असल्याने समोरून येणाऱ्या वाहतुकीला आडवं जावं लागत नाही. गट मोठा असेल, नवखे बरोबर असतील, तर हा फायदा सगळ्यांत मोलाचा.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वार शक्यतो रविवार सोडून. रविवारी सकाळी चर्चमधून प्रार्थना आटोपून माणसं रस्त्यावर येतात, त्यांच्यातून ओळ करून सायकली दामटणं बरं नाही. जादा ट्यूब, पंप आणि पुढचा-मागचा दिवा बरोबर ठेवा, कारण निघायचं अंधारात आहे. दोघांनी शेजारी-शेजारी चालवू नका, रस्ता अरुंद आहे.

एक मागणी गोवा सरकारकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे. आग्वादच्या दरवाजाशी सायकली कुलूप लावून ठेवायला चांगला स्टँड करा, नजरेच्या टप्प्यात असलेला. पर्यटकांच्या मोटारींसाठी टेकडीवर जागा काढता येते, तर दहा सायकलींसाठीही काढता यायलाच हवी. आणि वाचकांना एवढंच: किल्ल्याची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा आणि बेतीला उतरलात की नदीकाठ सोडून पर्वरीचा चढ धरा.