जन्म खरा, मग दाखला दलालाचा कशाला?

कागदपत्रांची भीती आपल्याकडे हंगामी तापासारखी येते. २०१९-२० च्या हिवाळ्यात एनआरसीची चर्चा पेटली आणि मालेगावात जन्मदाखल्यासाठी महापालिकेबाहेर रांगा लागल्या. चर्चा थंडावली, तशा अनेक घरांतल्या फायली पुन्हा पलंगाखालच्या पेटीत गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला दुसरी लाट आली. उशिरा केलेल्या जन्मनोंदींवरून वादळ उठलं, बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले दिल्याचे आरोप झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, उशिराच्या नोंदी काही काळ थांबवल्या आणि मार्चमध्ये त्यांचे नियम कडक केले. पुन्हा धावपळ, पुन्हा रांगा. दोन्ही लाटांत हात धुऊन घेतले ते दलालांनी.

माझं म्हणणं एवढंच आहे. जन्मदाखला मागणं ही भीक नाही आणि गुन्हाही नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. पण हाच हक्क आपण दलालाच्या हातून मागतो, तेव्हा खऱ्या जन्माला खोट्या कागदाची जोड देतो. इथे जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या माणसाला संशयित ठरवायला तेवढं पुरतं.

यावर मोहल्ल्यातून ठरलेलं उत्तर येतं, "सर, ऑफिसात आपलं कोण ऐकतं? पैसे दिले की चार दिवसांत काम होतं." चार दिवसांत काय होतं, ते बघू. अनेकदा दलाल निबंधकाकडे जातच नाही. सरकारी पोर्टलसारख्याच दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळावरून तो रंगीत दाखला छापून आणतो. त्यावर क्यूआर कोडही असतो, पण स्कॅन केला की नोंद उघडते ती त्याच बनावट पानावर. किंवा तो अर्जात जन्मस्थळ बदलतो, कारण त्याची 'ओळख' एका विशिष्ट कार्यालयातच असते. तुमचा मुलगा जन्मला परभणीत आणि दाखला निघाला तिसऱ्याच तालुक्याचा! पडताळणीच्या दिवशी दलाल फोन उचलत नाही. अर्जावर सही असते मुलाच्या बापाची, आणि खोटी माहिती देणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

आता सरळ रस्ता किती अवघड आहे, तेही पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. बाळ जिथे जन्मलं तिथे नोंद होते, आईबाप जिथे राहतात तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि वीस वर्षांनी दाखला शोधला जातो सासरच्या गावात. मग "नोंदच नाही" म्हणून हळहळ. नोंद असते, फक्त आईच्या गावी. खेड्यात ती ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. जन्म दवाखान्यात झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला असेल तर कुटुंबप्रमुखाची.

कळवण्याची मुदत २१ दिवस. तेवढ्यात कळवलं तर फी नाही आणि पहिला दाखलाही मोफत. तीस दिवसांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क. तीस दिवसांनंतर वर्षभरात नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं. दलालाचं दुकान उघडतं ते याच शेवटच्या पायरीवर. पहिल्या २१ दिवसांत त्याला काहीच काम नाही.

आता आपल्या घरात बघा. बाळाच्या कानात अजान देतो. सातव्या दिवशी अकीका करतो, केस उतरवतो, नाव ठेवतो, नातेवाइकांना जेवू घालतो. दावतीची यादी दहा वेळा तपासतो, पण दवाखान्याने पालिकेला पाठवलेल्या कागदावर बापाचं नाव काय पडलंय, ते बघायला कुणी जात नाही. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, हा आदेश कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीत, सूरह बकरच्या २८२ व्या आयतीत आहे. उधारीसाठी एवढी ताकीद असलेल्या समाजाने लेकराची नोंद रामभरोसे सोडावी, हे मला पटत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. जन्मनोंदीत 'जुबेदा', शाळेत 'झुबेदा', आधारवर 'जुबैदा बी', निकाहनाम्यात 'जुबैदा बानो'. उर्दूतलं नाव मराठीत उतरवताना लिहिणारा आपल्या कानावर विश्वास ठेवतो आणि आपण त्याच्यावर. कुठे 'शेख' आधी, कुठे शेवटी, कुठे गायबच. मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, नाव ठेवल्याच दिवशी ते मराठीत आणि इंग्रजीत एकदाच कागदावर लिहा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तोच कागद दाखवा. नोंदीच्या वेळी नाव ठरलं नसेल, तर बारा महिन्यांत ते विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. चूक झाली असेल तर निबंधकाकडे पुराव्यासह दुरुस्ती मागता येते. मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहिली जाते. हे सगळं कायद्यात आहे, कुणाच्या खास ओळखीची गरज नाही.

"आधार आहे की, मग दाखला कशाला?" हा प्रश्न दर जूनमध्ये शाळेत ऐकू येतो. आधार ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सगळ्यांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ जन्मदाखल्यानेच सिद्ध करायचं, असं कायदा सांगतो. ही मुलं काही वर्षांत पहिलीच्या वर्गात येतील. त्यांच्या आईबापांना आज हे कोण सांगतंय?

आता सरकारला दोन शब्द. बोगस दाखले शोधा, ते देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना शिक्षा करा, आमची हरकत नाही. पण उशिराची नोंद म्हणजे परका माणूस, हे समीकरण कुठून आलं? महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे प्रत्येक गुरुजीला माहीत आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बापाला तारीख आठवायची नाही, गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यांत मराठा होते, धनगर होते, दलित होते, आदिवासी होते, शेख आणि पठाणही होते. ऊसतोडीच्या फडावर किंवा पालावर जन्मलेल्या बाळाची नोंद कुणी केली? बाकीच्यांच्या बाबतीत हे मागासलेपण आणि आमच्या बाबतीत घुसखोरी, असा हिशेब चालणार नाही. अर्जाची छाननी पुराव्याने करा, आडनावाने नको. पुरावा अपुरा असेल तर तसं लेखी द्या. खिडकीतून हात हलवून माणसाला परत पाठवणं म्हणजे छाननी नव्हे, आणि दलालाला गिऱ्हाईक मिळतं ते त्या हलणाऱ्या हातामुळेच.

म्हणून वाचकांना सांगतो, तोंडी विचारू नका. कार्यालयात गेलात की लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत. बाळाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, दवाखाना, आईवडिलांची नावं, इतकं पुरे. तारीख नक्की माहीत नसेल तर मागच्या-पुढच्या वर्षांचा शोध घेण्याची विनंती करा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच म्हणजे तुमचं हत्यार. नोंद सापडली नाही तर 'नोंद उपलब्ध नाही' असं प्रमाणपत्र मागा. उशिराच्या आदेशासाठी ते लागतं. त्याला दवाखान्याचे कागद, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा जोडा. जुन्या जन्मांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, बघायला सांगा.

तरीही फिरवाफिरवी झाली तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची आणि अपील कुणाकडे करायचं, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. नकारानंतर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, मग आयोग. योग्य कारणाशिवाय सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर यातलं काहीच हाती लागत नाही, आणि दलाल तुम्हाला पोच कधीच देत नाही.

आपल्या संस्थांनाही विचारतो. जलसे होतात, मुशायरे होतात, लाउडस्पीकरवर चंद्रदर्शनाची बातमी मिनिटात पोहोचते. मग जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक टेबल मांडून डीएड-बीएड झालेली दोन पोरं-पोरी अर्ज लिहून देत बसली, तर काय बिघडेल? त्या महिन्यात मोहल्ल्यात जन्मलेल्या बाळांची यादी करा आणि एकविसाव्या दिवसाच्या आत प्रत्येक घरी विचारा, "नोंद झाली का? नाव नीट पडलंय का?" यासाठी ना मोर्चा लागतो, ना आमदाराची चिठ्ठी.

भीतीच्या पुढच्या लाटेची वाट बघू नका. या आठवड्यात घरातल्या प्रत्येक लेकराचा दाखला काढून बघा. नसेल तर अर्ज लिहा, स्वतःच्या हाताने, आणि पोच घेऊनच घरी या.