फिशटँक घ्यायचाय? आधी आपला हात मोजा

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षा संपल्या की बऱ्याच घरांत एक मागणी जोर धरते, "आई, मोठ्ठा फिशटँक घेऊ या!" यजमानांनाही हौस असते. मग दुकानदार विचारतो, "किती फुटी देऊ?" आणि आपण दिवाणखान्यातली रिकामी भिंत आठवून आकडा सांगून मोकळ्या होतो. पण टाकीचं माप भिंतीवरून ठरवायचं नसतं, बरं का!

मोठी टाकी घ्यावी हे मात्र खरंच. पाणी जास्त असलं की ते लवकर बिघडत नाही आणि उन्हाळ्यात एकदम तापतही नाही. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवणं म्हणजे त्या जिवाचे हालच. तो मासा चांगला अर्धा फूट आणि त्याहूनही मोठा होतो.

प्रश्न आकाराचा आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीतही तेवढंच. पण पहिलीत पाण्याचा पृष्ठभाग सहा चौरस फूट आहे, दुसरीत साडेचारच. हवा पाण्यात मिसळते ती पृष्ठभागातून. वीज जाऊन पंप बंद पडला, तर पसरट टाकीतले मासे जास्त वेळ तग धरतात. उंच टाकी दिसायला ऐटदार, पण खालच्या काचेवर दाब जास्त येतो, म्हणून काच जाड लागते आणि खर्चही वाढतो.

आता आपला हात. टाकीच्या तळाशी साचलेली घाण काढायची, शेवाळ पुसायचं, झाडं सरळ करायची, ही कामं शेवटी कुणाकडे येतात ते सांगायला नकोच! काखेपासून बोटांपर्यंत आपला हात जेमतेम दोन फूट. शिवाय स्टँड अडीच फुटांचा असतो. त्यावर दोन फूट उंच टाकी ठेवली की काठ साडेचार फुटांवर जातो. दर वेळी स्टुलावर चढून ओल्या हातांनी काम करायचं म्हणजे धोकाच. म्हणून स्टँड आणि टाकी मिळून उंची आपल्या खांद्याखालीच राहील असं पाहा. टाकी दीड फूट उंच असली की पुरे. टाकीत हात घालण्यापूर्वी विजेची बटणं मात्र आठवणीने बंद करा.

वजनाचाही विचार हवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाणी, काच, खडी आणि स्टँड मिळून आपली चार फुटी टाकी साडेतीनशे किलोंच्या घरात जाते, म्हणजे सिमेंटच्या सात गोण्या! वरच्या मजल्यावर ती खोलीच्या मध्यभागी ठेवू नका. तुळई किंवा खांबाजवळच्या भिंतीलगत ठेवा. इमारत जुनी असेल किंवा टाकी याहून मोठी हवी असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. टाकी जिन्याच्या वळणातून आणि दारातून आत येईल का, तेही मोजून घ्या.

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावं लागतं. म्हणजे साधारण साठ लिटर. चार बादल्या काढायच्या आणि चार भरायच्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून पाणी आदल्या दिवशी उघड्या बादल्यांत भरून ठेवायचं. तुमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल, तर या बादल्यांचा हिशेब आधीच करा. जुनं पाणी वाया जात नाही, कुंडीतल्या झाडांना ते फार मानवतं.

मासे निवडताना दुकानातली लांबी पाहू नका, पूर्ण वाढ विचारा. बोटभर दिसणारा ऑस्कर फूटभर होतो. शुभ म्हणून गळ्यात मारला जाणारा अरोवाना तर अडीच-तीन फुटांचा. दीड फूट रुंदीत तो वळणार कसा?

खरेदीपूर्वी एक सोपी गोष्ट करा. टाकीच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून ठरलेल्या जागी जमिनीवर पसरा आणि आठवडाभर तसेच राहू द्या. केर काढताना अडतं का, कपाटाचं दार उघडतं का, दुपारचं ऊन तिथे येतं का, सगळं कळेल. उन्हात टाकी हिरवी होते, म्हणून ती जागा टाळा.

त्याच आठवड्यात घरच्यांना एकत्र बसवून बादल्या कोण उचलणार तेही ठरवून टाका. मुलं दोन बादल्या, यजमान दोन. कुणीच तयार नसेल, तर दोन फुटी टाकी घ्या. छोट्या गप्पी माशांची तीही छान शोभते आणि तुमचा रविवार तुमच्याकडे राहतो.