न दुखणाऱ्या खुब्याचाही एक्स-रे काढा

गेल्या महिन्यात सत्तरीच्या एक काकू काठी टेकत दवाखान्यात आल्या. चौदा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खुबा बदललेला. आता जांघेत कळ येत होती आणि पाय आखूड वाटत होता. "मध्ये कधी एक्स-रे काढलात?" मी विचारले. "दुखत नव्हतं डॉक्टर, मग कोल्हापूरला उगाच खेटे कशाला घालायचे?" नव्या फोटोत वाटीभोवतीचे हाड बरेच खंगलेले दिसले.

दोष एकट्या काकूंचा नाही. आम्ही डॉक्टर मंडळीही हे नीट समजावून सांगत नाही. कृत्रिम सांध्यातील प्लॅस्टिकची वाटी वर्षानुवर्षे झिजते आणि तिचे सूक्ष्म कण सुटतात. शरीरातील पेशी ते कण गिळायला जातात आणि त्या खटाटोपात भोवतालचे हाडच विरघळू लागते. वाशाला आतून वाळवी लागावी तसे हे असते. दुखू लागेपर्यंत सांधा बहुधा ढिला झालेला असतो. नव्या सुधारित प्लॅस्टिकची झीज कमी होते, पण जुन्या वाट्या बसवलेले रुग्ण आजही आपल्यात आहेत.

मांडवाचा खांब हलून खड्डा रुंदावला, की नवा खांब नुसता उभा करून भागत नाही. आधी चिऱ्याचे तुकडे ठोकून खड्डा घट्ट करावा लागतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेत सर्जन तसेच हाडाचे तुकडे ठासून भरतात. नेदरलँड्समधील स्लूफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वाटीसाठी अशी पद्धत मांडली. या तुकड्यांच्या आधाराने रुग्णाचे स्वतःचे हाड हळूहळू वाढते, म्हणून काही काळ पायावर पूर्ण भार टाकता येत नाही.

एवढे हाड आणायचे कोठून? रुग्णाच्याच कमरेचे हाड मोठ्या खड्ड्याला पुरत नाही, तेथे दानाचे हाड लागते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू झाली. अशा पेढीत हाड स्वच्छ करून, सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. दुसऱ्याचे हाड म्हणून घाबरू नये. मूत्रपिंड बसवल्यावर लागतात तशी आयुष्यभराची औषधे येथे लागत नाहीत.

खुबा पहिल्यांदा बदलताना मांडीच्या हाडाचे डोके काढतात. बऱ्याचदा ते टाकून दिले जाते. दात्याच्या एचआयव्ही, कावीळ वगैरे रक्तचाचण्या झाल्या आणि संमती मिळाली, तर तेच डोके दुसऱ्याच्या उपयोगी पडते. ते काढावे लागणारच असते, त्यामुळे दात्याचे काहीच जात नाही.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. खुबा बदललेल्यांनी दुखो वा न दुखो, सर्जनने दिलेल्या मुदतीत एक्स-रे काढून घ्यावा. तो आपल्या रत्नागिरीतही निघतो, फिल्म तेवढी सर्जनला दाखवावी. आणि ज्यांचा खुबा बदलायचा आहे, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे, "डॉक्टर, माझे हाड कुणाच्या कामी येईल का?"

काकूंची दुसरी शस्त्रक्रिया आता ठरली आहे. एक्स-रे वेळेवर निघाला असता, तर खड्डा एवढा मोठा होण्याआधीच तो दिसला असता.