हात बोलतात तेव्हा...

संगीत ही ऐकायची गोष्ट की बघायची? प्रश्न जरा वेडगळ वाटेल. जाणकार मंडळी तर सांगतात की डोळे मिटून ऐका, तरच सूर आत उतरतो. असेलही तसं. पण काही कलावंत असे असतात की त्यांना डोळे सताड उघडे ठेवूनच ऐकावं लागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. उस्ताद झाकीर हुसेन हे त्यातलं पहिलं नाव.

आपल्या पिढीला हे नाव बहुतेक आईबाबांकडून कळलं. चहाच्या जाहिरातीत मागे ताजमहाल, पुढे उडणारे कुरळे केस आणि शेवटी ते 'वाह ताज'! एवढ्यावर आपण थांबतो. खरं तर हा अगदी आपल्या मुंबईचा माणूस. ९ मार्च १९५१ चा जन्म आणि शाळा माहीमची सेंट मायकल्स. म्हणजे आमच्यासारखंच 'मे आय कम इन' म्हणत वर्गात शिरलेलं पोर! वडील उस्ताद अल्लारखा हे पंजाब घराण्याचे थोर तबलानवाझ. बाळ घरी आलं तेव्हा वडिलांनी त्याच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, ही गोष्ट झाकीरजींनीच अनेकदा सांगितली आहे. पुढे १९८८ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण, २०२३ साली पद्मविभूषण आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी. आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सगळं संपलं. वय ७३.

मित्रांनो, याचा सरळ अर्थ असा की आपल्यापैकी ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकलं नाही, त्यांना आता कधीच ऐकता येणार नाही. उरलं आहे ते फक्त चित्रण. दूरदर्शनच्या जुन्या मैफली आहेत, परदेशातले कार्यक्रम आहेत, सुमंत्र घोषाल यांचा २००३ चा 'द स्पीकिंग हँड' हा माहितीपट आहे. म्हणून हे चित्रण कसं बघायचं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते. पुण्याच्या मुलांना सवाई गंधर्व महोत्सव आहे, मुंबईवाल्यांना एनसीपीए आहे. खामगाव, चिखली, मेहकरकडे अशी मैफल किती वेळा फिरकते, ते आपण सगळे जाणतोच. त्यामुळे 'लाइव्हची मजा रेकॉर्डिंगमध्ये नाही' हे वाक्य कोणी नाक वर करून म्हटलं की मला हसू येतं. अहो, ज्यांच्या गावात लाइव्ह येतच नाही त्यांनी काय करायचं? आपल्यासाठी पडदा हीच पहिली रांग आहे. आणि खरं सांगायचं तर मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेतून स्टेजवरचा कलावंत अंगठ्याएवढा दिसतो. कॅमेरा मात्र तुम्हाला थेट त्याच्या गुडघ्याजवळ नेऊन बसवतो.

तिथे बसल्यावर काय दिसतं? उजव्या हाताची अनामिका बघा. 'ना' वाजवताना तर्जनी कडेवर आघात करते, पण अनामिका शाईच्या काठावर नुसती टेकलेली असते, अगदी हलकी. बघणाऱ्याला वाटतं, हे बोट आराम करतंय. पण ते बोट तिथे नसेल तर 'ना' निघणारच नाही! त्या हलक्या स्पर्शाने पुडीचं एक विशिष्ट कंपन दाबलं जातं आणि बाकीची मोकळी राहतात. आपण व्हायब्रेशनच्या पेपरसाठी मोड शेप्स पाठ करतो ना, तेच! फरक एवढाच की आपण वहीत आकृती काढतो आणि उस्ताद बोटाने काढतात.

ही केवळ माझी कल्पना नाही. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आणि पुढे १९३४ साली मृदंग-तबल्यावर शोधनिबंध लिहिले. साधं गोल कातडं ताणून बडवलं, तर त्यातून निघणाऱ्या कंपनांचं प्रमाण १, १.५९, २.१४ असं वेडंवाकडं येतं. म्हणून साध्या ढोलाला सूर नसतो, नुसता आवाज असतो. पण मधोमध शाईचा थर दिला की तेच प्रमाण जवळजवळ १, २, ३, ४, ५ असं पूर्णांकात येतं, म्हणजे तारेच्या वाद्यासारखं. लोहकीस आणि भाताची खळ घोटून कातड्यावर थरावर थर चढवणाऱ्या आपल्या कारागिरांनी हे गणित कुठल्याही कॉलेजात न जाता सोडवलं होतं. झाकीर हुसेन यांचा तबला गातो असं म्हणतात, त्यामागे त्यांच्या बोटांइतकीच ही शाई आहे.

आता डावा हात. डग्ग्यावर मनगटाजवळचा तळवा बघा, कसा पुढे सरकतो. दाब वाढला की नाद वर चढतो, दाब सोडला की खाली येतो. ऑडिओत तुम्हाला नुसता 'घुम्' ऐकू येतो. तो कुठून आला, किती बारीक हालचालीतून आला, हे डोळ्यांनाच कळतं. मैफलीत ते कधी याच हातांतून शंकराचा डमरू आणि शंख ऐकवायचे, कधी आगगाडी सोडायचे. शेगाव-जलंबच्या रुळांशेजारी वाढलेल्या आपल्यासारख्यांना तर ती गाडी ऐकताना हमखास ओळखीची वाटते.

मग तिहाई. तीनताल सोळा मात्रांचा. समजा पाच मात्रांचा एक तुकडा समेपासून सुरू केला, मध्ये एक मात्रा मोकळी सोडली, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा एक मात्रा मोकळी आणि तिसऱ्यांदा तोच तुकडा. पाच त्रिक पंधरा अधिक दोन, झाले सतरा. सतरावी मात्रा म्हणजेच पुढच्या आवर्तनाची सम! साधं अंकगणित आहे. पण वाजवताना ते जमून आलं की सभागृहातल्या हजार माना एकाच क्षणी खाली येतात. चित्रणात हे फार छान दिसतं. वडील-मुलाच्या सहवादनात तर अल्लारखासाहेब तोंडाने बोल म्हणतात, झाकीर ते हातातून काढून दाखवतात आणि समेवर दोघं एकमेकांकडे बघून असे हसतात की जणू दोघांनी मिळून कोणाची तरी खोडी काढली आहे. ते हसू कुठल्या कॅसेटमध्ये सापडणार?

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. आपण हे सगळं बघतो कसं? तीस सेकंदांची रील. वर लिहिलेलं असतं, 'जगातला सर्वात वेगवान तबला'. आपण बघतो, 'बाप्पा! काय स्पीड आहे!' म्हणतो आणि अंगठ्याने वर सरकवून टाकतो. माझ्या मते हा त्या माणसाचा अपमान आहे. वेग तर मिक्सरलाही असतो! दूरदर्शनच्या जमान्यातला कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेई. रेला द्रुत लयीत गेला की बोटं धुरकट होतात, दोन चित्रांच्या मधे बोट उठून परतलेलंही असतं. म्हणजे सगळ्यात वेगवान जागी खरं तर कॅमेऱ्याला सगळ्यात कमी दिसतं! जे खरं बघण्यासारखं आहे ते त्याच्या आधी घडतं. एक साधा कायदा ते मांडतात, त्यातले दोन बोल उलटे करतात, एक गाळतात, पुन्हा मूळ जागी येतात. अर्धा-पाऊण तास अशी विटेवर वीट चढते आणि मग तो वेग येतो. पाया न बघता फक्त कळसाचा फोटो काढून घरी जाण्यासारखं आहे हे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे न वाजवणं. पं. शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबरची त्यांची चित्रणं बघा. कितीतरी वेळ झाकीर हुसेन फक्त ठेका धरून असतात. जगातला एवढा मोठा तबलावादक, हजारो लोक त्याचीच वाट बघत बसलेले आणि हा शांतपणे ठेका देतो! नजर सारखी पंडितजींच्या हातांवर. ते कुठे थांबणार, कुठे वळणार, हे आधीच ओळखून तो एक नेमका बोल टाकतो आणि पुन्हा मागे सरतो. १० मे २०२२ रोजी शिवकुमारजी गेले, तेव्हा त्यांच्या पार्थिवाला खांदा देणाऱ्या झाकीर हुसेन यांचं छायाचित्र देशभर पोहोचलं. पुष्कळांना ते बघून आश्चर्य वाटलं. ज्यांनी ती चित्रणं बघितली होती त्यांना वाटलं नसेल. ते नातं स्टेजवर आधीच दिसत होतं.

कोणी म्हणेल, कॅमेरा आपल्याला हवं ते दाखवत नाही. मान्य! आपल्याला हात बघायचे असतात आणि कॅमेरा नेमका तेव्हाच केसांवर जातो. १९६७ च्या मॉन्टेरी महोत्सवावरच्या पेनबेकरच्या चित्रपटात शेवटी रविशंकर आणि अल्लारखा आहेत, पण त्यातही कॅमेरा बराच वेळ प्रेक्षकांच्याच चेहऱ्यांवर फिरत राहतो. तरीही नीट बघणाऱ्याला त्यातूनही मिळतं. सतार-तबला जन्मात न ऐकलेली ती अमेरिकन पोरं हळूहळू कशी स्तब्ध होतात, हेही एक वाचनच आहे.

'कॉन्व्हेंटच्या मुलीला तबल्यातलं काय कळतं?' असं मला हॉस्टेलवर विचारलं जातं. त्याचं उत्तर पियानोतच आहे. आमच्या शाळेत पियानो होता आणि प्रार्थनेला तो रोज वाजायचा. पियानोचं झाकण उघडून आत बघा. पट्टी दाबली की आत एक हातोडी तारेवर आपटते. म्हणजे पियानोसुद्धा शेवटी आघाताचंच वाद्य, तबल्याचा लांबचा चुलतभाऊ! व्लादिमिर होरोविट्झ हा विसाव्या शतकातला फार मोठा पियानोवादक. १९२५ साली रशिया सोडून गेला आणि तब्बल ६१ वर्षांनी, एप्रिल १९८६ मध्ये, मॉस्कोत परत येऊन वाजवला. त्या मैफलीचं चित्रण आहे. बयाऐंशी वर्षांचा म्हातारा, बोटं जवळजवळ सपाट ठेवून वाजवतो, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. शूमानची एक छोटी, अगदी सोपी रचना तो वाजवतो आणि श्रोत्यांमधल्या एका माणसाच्या गालावरून अश्रू ओघळताना कॅमेरा टिपतो. वेगाचा तिथे संबंधच नाही. होरोविट्झची सपाट बोटं आणि झाकीरजींची टेकलेली अनामिका मला एकाच घराण्यातली वाटतात.

आणि हे सगळं 'मोठ्या लोकांचं' आहे, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, गावच्या सप्ताहात पखवाज ऐकला नाही का तुम्ही? गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावलं पडतात, ती कोणी शिकवली? पखवाजाच्या डाव्या अंगाला भजनी बुवा कणकेचा ओला गोळा थापतात आणि थोडी थोडी काढून किंवा लावून आवाज जुळवतात. तबल्याच्या शाईमागची युक्ती तीच, कातड्यावर मधोमध भार देण्याची. रामन यांचं विज्ञान आपल्या देवळाच्या ओट्यावर दर एकादशीला वाजत असतं. झाकीर हुसेन आपल्याला परके नाहीत, आपण फक्त ओळख दाखवत नाही.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. एका गॅदरिंगला फर्स्ट इयरचा एक मुलगा तबला वाजवणार होता. गावच्या भजनी मंडळात शिकलेला, हात तयार. त्याला वेळ मिळाला तीन मिनिटं आणि त्यातही दुसऱ्याच मिनिटाला मागून डीजेचं टेस्टिंग सुरू झालं. तो मुकाट्याने उठून गेला. झाकीर हुसेन लग्नात, खासगी पार्ट्यांत वाजवत नसत. जिथे लोक खाण्यापिण्यात आणि गप्पांत असतात तिथे संगीत पार्श्वभूमी बनतं, हे त्यांना मान्य नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणता येतं. फर्स्ट इयरच्या मुलाला नाही म्हणता येत नाही. त्याच्यासाठी ते आपण म्हणायला हवं. पुढच्या गॅदरिंगला अशा मुलामुलींना निदान वीस मिनिटं द्या आणि तेवढा वेळ डीजे बंद ठेवा. एवढी मागणी या पानावरून मी करते आहे. डीजेला माझा विरोध नाही, त्याला बाकीची रात्र आहेच की!

तोवर एक करा. सबमिशन संपलं की एक संध्याकाळ राखून ठेवा. झाकीर हुसेन यांचं कुठलंही एक चित्रण घ्या, पण अख्खं घ्या. मोबाइलपेक्षा मोठा स्क्रीन मिळाला तर उत्तम, नाहीतर चार जण मिळून एकाच्या लॅपटॉपवर बघा. पहिली दहा मिनिटं कंटाळा येईल, येऊ द्या. हाताने ताल धरा, टाळी कुठे, खाली कुठे ते मोजा, चुकलात तर पुन्हा समेला पकडा. आणि उजव्या हाताच्या त्या अनामिकेकडे लक्ष असू द्या. काहीच करत नाही असं वाटणारं ते बोट नेमकं काय करतंय, हे एकदा दिसलं की कुठलीही मैफल तुम्ही पूर्वीसारखी बघणार नाही.